कार्बन नॅनोट्यूब पटलाची वाढ आणि वायुप्रवाह

रासायनिक बाष्प निक्षेपणाने (सीव्हीडी) नॅनोट्यूबचे पटल वाढवताना तापमान आणि उत्प्रेरक यांच्याइतकाच भट्टीतला वायुप्रवाहही निर्णायक असतो. वायू किती सोडला यापेक्षा तो उत्प्रेरकापर्यंत कोणत्या वाटेने आणि किती वेळात पोहोचला, हे अधिक महत्त्वाचे.

नेहमीची मांडणी साधी आहे. सुमारे ७५० अंश सेल्सिअसला तापलेल्या क्वार्ट्झच्या आडव्या नळीत सिलिकॉनची चकती ठेवतात. तिच्यावर ॲल्युमिनाचा लेप आणि त्यावर उत्प्रेरक म्हणून लोखंडाचा जेमतेम १ नॅनोमीटर जाडीचा थर असतो. हायड्रोजनमुळे लोखंडाच्या ऑक्साइडचे क्षपण होऊन थराचे सूक्ष्म कण बनतात. मग आर्गॉन किंवा हीलियमबरोबर एथिलीन सोडतात. चकतीपर्यंत पोहोचण्याआधीच, गरम नळीत एथिलीनचे विघटन सुरू होते. म्हणून तप्त भागात वायू किती वेळ राहतो, म्हणजे त्याचा निवासकाळ, नेमका साधावा लागतो. प्रवाह फार जलद असला, तर वायू पुरता तापतच नाही आणि बराचसा कार्बन वाया जातो. फार मंद असला, तर काजळी आणि डांबरासारखी संयुगे तयार होऊन कण लिंपले जातात व वाढ खुंटते.

जपानमधील त्सुकुबा येथे केंजी हाता यांच्या गटाने २००४ मध्ये मिश्रणात पाण्याची किंचित वाफ मिसळली. कणांवरचा अनाकार कार्बन वाफेने निघत राहिला आणि १० मिनिटांत २.५ मिलिमीटर उंचीचे, अतिशुद्ध पटल उभे राहिले. मात्र वाफ आणि एथिलीन यांचा तोल पटलाच्या प्रत्येक बिंदूशी राखावा लागतो, आणि आडव्या प्रवाहाची अडचण इथेच उघडी पडते : चकतीच्या अलीकडच्या व पलीकडच्या टोकांना वायूचा निवासकाळ सारखा नसतो. चकतीलगत वायूचा जवळजवळ स्थिर थरही असतो. तो कार्बनला विसरणानेच ओलांडावा लागतो. याच गटाने २००९ मध्ये वायू वरून, शॉवरसारख्या अनेक छिद्रांतून, चकतीवर लंब सोडला. त्यामुळे मोठ्या क्षेत्रावर एकसारखी वाढ साधली.

नागोयाच्या मेइजो विद्यापीठात मुकुल कुमार आणि योशिनोरी आंदो यांनी कार्बनचा स्रोत म्हणून आपल्या ओळखीचा कापूर वापरला. कापूर घन असल्याने आधी त्याची वाफ करून ती वाहक वायूच्या प्रवाहातून भट्टीच्या तप्त भागात न्यावी लागते.

सुट्या, लांब नलिकांच्या बाबतीत प्रवाह दिशाही देतो. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठातील संशोधकांनी यासाठी पतंगाची उपमा वापरली : नलिकेचे टोक उत्प्रेरक कणासह पृष्ठभागापासून उचलले जाते आणि वाढणारी नलिका प्रवाहाच्या दिशेने तरंगत जाते.