हरमंदिर साहिबची चार दारे आणि किल्लीचा प्रश्न

तरुणांच्या शिबिरात धर्मांतराचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो. "बाबासाहेब शीख का झाले नाहीत? तिथे तर जात नाही, लंगर आहे, सगळे एका पंगतीत बसतात." मोबाईलवर अमृतसरच्या लंगरचे व्हिडिओ पाहिलेली ही पिढी आहे. प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून झटकून टाकू नये. पण उत्तर द्यायच्या आधी ज्या मंदिराकडे बोट दाखवले जाते त्याचा इतिहास आपल्याला माहीत हवा.

अमृतसर हे गावच पाण्यावरून वसले. चौथे गुरू रामदास यांनी तळे खोदायला घेतले आणि पाचवे गुरू अर्जनदेव यांनी त्यात हरमंदिर उभारले. चार दिशांना चार दारे ठेवली, म्हणजे चारही वर्णांनी यावे. १६०४ साली तिथे आदिग्रंथाची स्थापना झाली. त्यात कबीर आहेत, आपले शिंपी नामदेव आहेत आणि चर्मकार रविदासही आहेत. त्या काळात हे केवढे धाडस होते याची कल्पना करायची तर पंढरपूर आठवा. तिथे चोखोबा मेल्यावरही पायरीशीच राहिले. इथे रविदासांची वाणी थेट गाभाऱ्यात गेली. लंगरचा नियमही असाच रोखठोक होता. आधी पंगतीत बसा, मग संगतीत या. १६७५ मध्ये दिल्लीत गुरू तेगबहादूर यांची हत्या झाली, तेव्हा त्यांचे शीर आनंदपूरला पोचवणारे भाई जैता हे त्या वेळी अस्पृश्य मानल्या गेलेल्या रंगरेटा समाजाचे होते.

मग बिघडले कुठे?

अठराव्या शतकात मुघल आणि अफगाण सत्तेशी झुंजताना खालसा जंगलात गेला आणि अनेक गुरुद्वारे महंतांच्या हाती गेले. पुढे रणजितसिंहांच्या काळात गुरुद्वाऱ्यांना मोठ्या जमिनी मिळाल्या. उत्पन्न वाढले तसे महंत वतनदार झाले. १८४९ मध्ये पंजाब इंग्रजांकडे गेला आणि हरमंदिर साहिबचा कारभार सरकार नेमेल त्या सरबराहाकडे, म्हणजे व्यवस्थापकाकडे आला. परिक्रमेत हिंदू देवांच्या मूर्ती बसल्या होत्या. त्या १९०५ मध्ये हटवण्यात आल्या. जात मात्र हटली नाही. मजहबी आणि रामदासी शिखांनी आणलेला कडाह प्रसाद पुजारी स्वीकारत नसत, त्यांच्यासाठी अरदास करत नसत. रविदासांचे शब्द गाभाऱ्यात गायले जात होते आणि रविदासांच्याच जातीचा माणूस प्रसादाचे ताट घेऊन बाहेर ताटकळत होता. १९१९ मध्ये जालियनवाला बागेत माणसे मारणाऱ्या जनरल डायरचा सन्मान याच व्यवस्थेने केला. ज्याने रक्त सांडले त्याला सिरोपा, आणि ज्याच्या पूर्वजाने गुरूचे शीर वाहून आणले त्याचा प्रसाद विटाळलेला!

हे चित्र पालटले ते १२ ऑक्टोबर १९२० रोजी. 'खालसा बिरादरी' ही अस्पृश्य मानलेल्या जातींतून आलेल्या शिखांसाठी काम करणारी संघटना होती. जालियनवाला बागेत तिचा मेळावा भरला, अनेकांनी अमृत घेतले आणि सगळे मिळून प्रसाद घेऊन हरमंदिर साहिबकडे निघाले. अमृतसरच्या खालसा कॉलेजमधले काही प्राध्यापकही सोबत होते. पुजाऱ्यांनी नेहमीप्रमाणे नकार दिला. वाद वाढला. शेवटी ग्रंथसाहिबचाच कौल घ्यायचे ठरले. पान उघडले तेव्हा गुणहीनांनाही गुरू पदरात घेतो, अशा आशयाची गुरू अमरदासांची वाणी निघाली. पुजाऱ्यांचा नाइलाज झाला, प्रसाद स्वीकारावा लागला. तिथून लोक समोरच्या अकाल तख्ताकडे वळले, तर तिथले पुजारी जागा सोडून निघून गेले. मोकळे पडलेले तख्त संगतीच्या स्वयंसेवकांनी ताब्यात घेतले.

मित्रांनो, एक गोष्ट नीट लक्षात घ्या. ती वाणी तीनशे वर्षांहून अधिक काळ ग्रंथात होतीच. पुजारी ती रोज वाचत होते. तिचा अर्थ लागू झाला तो माणसे दारात येऊन उभी राहिली तेव्हा. ग्रंथात समता असणे आणि व्यवहारात समता असणे यांच्यामध्ये माणसांनी चालायचे अंतर असते. सात वर्षांनी महाडच्या चवदार तळ्याकडे निघालेले आपले लोक हेच अंतर चालत होते. तिथे तर कायदेमंडळाचा ठराव आणि नगरपालिकेचा निर्णयही हाताशी होता. तळे मात्र बंदच होते.

त्या दिवसानंतर महिनाभरात, नोव्हेंबर १९२० मध्ये, शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समिती स्थापन झाली. १९२१ च्या अखेरीस इंग्रजांनी हरमंदिर साहिबच्या तोशाखान्याच्या किल्ल्या काढून घेतल्या, तर शिखांनी तुरुंग भरले. जानेवारी १९२२ मध्ये सरकारला त्या किल्ल्या परत कराव्या लागल्या. या लढ्याला 'चाब्यांचा मोर्चा' म्हणतात. १९२५ मध्ये गुरुद्वारा कायदा झाला, निवडून आलेल्या मंडळाकडे कारभार आला आणि स्त्रियांनाही मताचा हक्क मिळाला. धर्मस्थळ पुजाऱ्याच्या खाजगी मालकीतून सोडवून मतपेटीच्या ताब्यात देण्याचे हे उदाहरण आपण अभ्यासलेच पाहिजे.

पण किल्ली महंताकडून निघून पोचली कुणाकडे? ज्यांच्या प्रसादावरून ठिणगी पडली त्यांच्याकडे ती आली नाही. कारभाराचे नेतृत्व हळूहळू जमीनमालक जाट शिखांकडे एकवटले. पंजाबच्या दलितांना हे दिसत होते. १९२६ मध्ये मंगूराम मुग्गोवालिया यांनी आद धर्म चळवळ उभी केली आणि १९३१ च्या जनगणनेत चार लाखांहून अधिक लोकांनी आपला धर्म 'आद धर्म' असा नोंदवला. दारे चार असूनही माणसे पाचवे दार शोधत होती.

याच पार्श्वभूमीवर बाबासाहेबांचे अमृतसर समजून घ्यावे लागते. येवल्याच्या घोषणेनंतर एप्रिल १९३६ मध्ये ते अमृतसरच्या शीख परिषदेला गेले. शीख धर्माचा अभ्यास करण्यासाठी त्यांनी तेरा कार्यकर्ते तिकडे पाठवले. मुंबईत माटुंग्याचे खालसा कॉलेज १९३७ मध्ये उभे राहिले ते याच संबंधातून. म्हणजे शीख धर्माचा विचार त्यांनी गांभीर्याने केला होता. माणसे पाठवली, जाऊन पाहिले, राजकीय हक्कांचे काय होईल याची चौकशी केली, आणि वीस वर्षांनी बुद्धाचा मार्ग घेतला. त्यांच्या निर्णयाचे एकच कारण सांगून मोकळे होणाऱ्यांपासून सावध राहा. मात्र धर्म निवडताना तत्त्वज्ञानासोबत त्या धर्माचा समाजही तपासायचा असतो, हे त्यांच्या कृतीतून स्वच्छ दिसते.

तो समाज आज तपासला तर काय दिसते? २०११ च्या जनगणनेनुसार पंजाबात अनुसूचित जातींची लोकसंख्या जवळपास ३२ टक्के आहे, देशातल्या राज्यांत सर्वांत जास्त. शेतजमिनीतला त्यांचा वाटा मात्र नगण्य. अनेक गावांत दलितांचा गुरुद्वारा वेगळा, स्मशान वेगळे. जालंधरजवळच्या तल्हणमध्ये दलितांनी धर्मस्थळाच्या व्यवस्थापन समितीत जागा मागितल्या, तर त्यांच्यावर बहिष्कार टाकला गेला. २००३ मध्ये प्रकरण हिंसाचारापर्यंत गेले आणि शेवटी दोन दलित सदस्य घेण्यावर तडजोड झाली. बघा, भांडण लंगरमध्ये जेवण्यावरून नव्हते. समितीवरून होते, दानपेटीच्या हिशोबावरून होते. संगरूरकडे दलित शेतमजूर गावच्या सामायिक जमिनीतला कायद्याने राखीव असलेला एक तृतीयांश हिस्सा कसायला मागतात, तेव्हा शेजारी पंगतीला बसणाराच समोर उभा ठाकतो. पंगत एका तासाची असते. जमीन पिढ्यांची असते.

म्हणून लंगर खोटे ठरत नाही. अमृतसरला रोज हजारो भुकेली माणसे जात न सांगता जेवतात, आणि भांडी घासायला कुणीही बसू शकतो. ज्या देशात शाळेतल्या पोषण आहारातही वेगळ्या पंगती बसवल्याच्या बातम्या येतात, तिथे हे छोटे काम नाही. त्याचा मान राखा. पण मान राखणे वेगळे आणि भारावून जाणे वेगळे.

आता आपल्याकडे वळू. मी काम करतो त्या वस्त्यांमध्ये विहारे आहेत. दार कुणालाच बंद नाही. पण विहाराच्या कपाटाची किल्ली कुणाकडे असते? समितीत तीच ती चार घरे किती वर्षे आहेत? खीरदानाच्या दिवशी चुलीपाशी बायका आणि मंचावर पुरुष, हे कुणी ठरवले? मातंग, चर्मकार, भटक्या समाजातून बुद्धाकडे आलेला माणूस आपल्याकडे वंदनेला चालतो. अध्यक्ष म्हणून चालतो का? सोयरिकीला चालतो का?

अमृतसरच्या इतिहासाने पंजाबला विचारलेला प्रश्न आपल्यालाही लागू आहे. पुढच्या पौर्णिमेला विहारात जाल तेव्हा वंदनेनंतर थोडे थांबा आणि जमाखर्चाची वही मागा. कोण देतो, कोण टाळतो, ते बघा. तिथून कामाला सुरुवात होईल.

जय भीम!