साहेबांच्या भेटीची वर्गणी आणि न्यूयॉर्कच्या ‘स्पग’ मुली

#इतिहास_थ्रेड

सणासुदीतील ताण कसा कमी करावा, यावर दर डिसेंबरात उपदेशांचा पाऊस पडतो. दीर्घ श्वास घ्या, आधी यादी करा, ‘नाही’ म्हणायला शिका. १९१२ साली न्यूयॉर्कमधील नोकरदार मुली यांपैकी शेवटची गोष्ट शिकल्या. मात्र एकेकटीने नव्हे, तर चक्क संस्था काढून. आजचा थ्रेड त्या संस्थेविषयी.

आधी थोडी पार्श्वभूमी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील नाताळ घरातून बाजारात येऊ लागला. १८६७ साली न्यूयॉर्कच्या ‘मेसीज’ने नाताळच्या आदल्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत दुकान उघडे ठेवले. पुढील काही दशकांत डिसेंबरातील उशिराची विक्री ही मोठ्या दुकानांची नेहमीची रीत झाली. गिऱ्हाइकाच्या दृष्टीने ही सोय होती. काउंटरच्या पलीकडे दिवसभर उभ्या असलेल्या मुलीच्या दृष्टीने तो वर्षातील सर्वांत भयंकर महिना होता.

हा ताण मनाचा नव्हे, तासांचा आणि पगाराचा आहे, हे ओळखणारी मंडळी होती. १८९१ साली जोसेफिन शॉ लोवेल यांच्या पुढाकाराने न्यूयॉर्कमध्ये ‘कन्झ्युमर्स लीग’ उभी राहिली. कामगारांना बरे वागवणाऱ्या दुकानांची ‘पांढरी यादी’ तिने प्रसिद्ध केली. निकष फार मोठे नव्हते: अनुभवी स्त्रीला आठवड्यास किमान ६ डॉलर, सकाळी ८ ते संध्याकाळी ६ एवढेच काम, जेवणासाठी पाऊण तास. पहिल्या यादीत अख्ख्या शहरातील केवळ ८ दुकाने बसली!

१८९६ मध्ये न्यूयॉर्क राज्याने दुकानांसाठी कायदा केला. २१ वर्षांखालील मुलींकडून आठवड्यास ६० तासांपेक्षा अधिक काम घेता येणार नाही, असे त्यात ठरले. परंतु कायद्यात एक पळवाट होती: नाताळच्या हंगामाला ही मर्यादा लागू नव्हती. संरक्षणाची गरज सर्वाधिक ज्या दिवसांत, नेमके तेच दिवस कायद्याने मोकळे सोडले. अशी कलमे वाचली की कायदा कोणी लिहिला यापेक्षा तो लिहिताना शेजारी कोण बसले होते, हे शोधावेसे वाटते.

१८९९ मध्ये ‘नॅशनल कन्झ्युमर्स लीग’ स्थापन झाली आणि तिची सूत्रे फ्लॉरेन्स केली यांच्याकडे आली. एंगल्सच्या इंग्लंडमधील कामगारवर्गावरील ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर करणाऱ्या, इलिनॉय राज्याच्या पहिल्या मुख्य कारखाना-निरीक्षक राहिलेल्या या बाई. नाताळच्या गर्दीत राबणाऱ्या मुली आणि रात्री-अपरात्री पुडकी पोहोचवणारी लहान मुले यांच्याविषयी त्यांनी सातत्याने लिहिले. लीगचे गिऱ्हाइकांना आवाहन साधे होते: लवकर खरेदी करा. महिन्यात लवकर आणि दिवसातही लवकर. शेवटच्या आठवड्यातील संध्याकाळच्या झुंबडीत भर घालू नका.

तास हा एक भाग झाला. दुसरा होता वर्गणीचा, आणि इथेच आपल्या मुली प्रवेश करतात.

त्या काळी दुकानांत व कचेऱ्यांत वरिष्ठांना नाताळची भेट देण्याची प्रथा होती. विभागप्रमुख, पर्यवेक्षक, कधी मालक; सर्वांसाठी हाताखालच्या मुलींकडून पैसे गोळा होत. देणे ऐच्छिक म्हणायचे. परंतु न देणारीचे नाव लक्षात राहत असे. या वर्गण्यांत दोन-दोन आठवड्यांचा पगार जातो, अशी तक्रार होती. (दिवाळीत किंवा साहेबांच्या घरच्या लग्नात कचेरीत फिरणारा लिफाफा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना अधिक सांगायला नको.)

याच सुमारास ॲन मॉर्गन या नोकरदार स्त्रियांसाठी सुट्टीचा बचत निधी चालवत होत्या. थोडे थोडे पैसे साठवायचे आणि उन्हाळ्यात चार दिवस विश्रांतीला जायचे, अशी कल्पना. अशा तुटपुंज्या बचतीवर डिसेंबरातील वर्गण्यांचा घाला पडत होता. नोव्हेंबर १९१२ मध्ये मॉर्गन आणि एलेनॉर रॉब्सन बेलमाँट यांनी या मुलींना घेऊन एक संस्था काढली: ‘सोसायटी फॉर द प्रिव्हेन्शन ऑफ यूसलेस गिव्हिंग’, म्हणजे निरुपयोगी भेटी प्रतिबंधक मंडळ. इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘स्पग’. प्राण्यांचा छळ रोखणाऱ्या, मुलांचा छळ रोखणाऱ्या संस्था न्यूयॉर्कमध्ये आधीपासूनच होत्या. त्याच धाटणीचे नाव घेण्यातला मिस्कीलपणा तेव्हाच्या वाचकाला लगेच कळला असणार.

वर्गणीविरुद्धच्या या संस्थेचीही वर्गणी होती. फक्त १० सेंट! त्या बदल्यात मुलीला काय मिळे? माझ्या मते, कारण. एकटीने लिफाफा परत केला तर ती कंजूष किंवा उद्धट ठरते. ‘मी स्पग आहे’ म्हटले की तोच नकार तत्त्वाचा होतो आणि तिच्या मागे इतर अनेकजणी उभ्या असतात. आपल्याकडे लग्नपत्रिकेवर ‘कृपया आहेर आणू नये’ असे छापतात, त्यानेही पाहुण्याची अशीच सुटका होते.

मंडळाचा भेटींना विरोध नव्हता. आईला, मैत्रिणीला मनापासून द्यावे. भीतीपोटी देऊ नये, एवढेच म्हणणे होते. डिसेंबरात थिओडोर रूझवेल्ट यांनी सदस्यत्व घेतले आणि ते पहिले ‘पुरुष स्पग’ म्हणून गाजले. महिनाभरापूर्वीच ते अध्यक्षपदाची निवडणूक हरले होते, हेही विसरू नये.

आता अवघड प्रश्न. ॲन या बँकसम्राट जे. पी. मॉर्गन यांच्या कन्या. एलेनॉर पूर्वीच्या नामवंत अभिनेत्री, आणि पती न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत भांडवल घालणारे ऑगस्ट बेलमाँट. अशा स्त्रियांनी सहा डॉलरवाल्या मुलींना काटकसर सांगावी का? आक्षेप खरा आहे. मात्र १९०९-१० च्या शर्टवेस्ट कामगारिणींच्या संपात हीच ॲन मॉर्गन संपकऱ्यांच्या बाजूने उभी होती, हेही खरे आहे. मला स्पगची मर्यादा वेगळीच दिसते. वर्गणी बंद झाल्याने मुलीच्या हातात पगार उरला, पण पगार तेवढाच राहिला.

पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत स्पगचे नाव मागे पडले. आणि १९१८ मध्ये एक विलक्षण गोष्ट घडली. मनुष्यबळ व रेल्वेवरील ताण वाचवण्यासाठी अमेरिकेच्या ‘कौन्सिल ऑफ नॅशनल डिफेन्स’ने व्यापाऱ्यांशी समझोता केला: नाताळची खरेदी ऑक्टोबर, नोव्हेंबर आणि डिसेंबरात विभागावी, हंगामासाठी जादा माणसे घेऊ नयेत, कामाचे तास वाढवू नयेत, आणि लहान मुलांची खेळणी वगळता भेटी उपयुक्त असाव्यात. केली बाईंची मागणी आणि स्पग मुलींचा शब्द, दोन्ही एकाच सरकारी आवाहनात!

११ नोव्हेंबरला युद्ध थांबले. ‘लवकर खरेदी करा’ हे वाक्य मात्र थांबले नाही. ते दुकानांच्या जाहिरातींत स्थिरावले, हंगाम लांबत गेला, आणि हे वाक्य मुळात कोणाच्या थकलेल्या पायांसाठी लिहिले गेले होते, ते त्या जाहिरातींतून गळून पडले.