कलपाची कुळकथा

केसांना काळा रंग चढविण्याची हौस पाश्चात्य सुधारणेबरोबर आपल्याकडे आली, असा एक समज सुशिक्षित घरांतून आढळतो. हा समज किती उथळ आहे हे पाहावयाचे असेल तर सहाव्या शतकातील वराहमिहिराची बृहत्संहिता उघडून पाहावी. ग्रहांची गती, पर्जन्याची चिन्हे, घरबांधणी आणि रत्नपरीक्षा अशा गंभीर विषयांचा ऊहापोह करणाऱ्या या ज्योतिष्याने सुगंधी द्रव्यांवर एक स्वतंत्र अध्याय लिहिला असून त्याच्या आरंभीच केशरंजनाची कृती दिली आहे. ज्याचे केस पिकले त्याला माळा, अत्तर, वस्त्रे आणि अलंकार शोभत नाहीत, म्हणून आधी केसांकडे लक्ष द्यावे, असा त्याचा अभिप्राय आहे. आकाशातील नक्षत्रांवरून दृष्टी काढून ती डोक्यावरील पांढऱ्या केसांवर आणण्यात या थोर गणित्याला काही कमीपणा वाटला नाही, ही गोष्ट मोठी गमतीची आहे.

कृती अशी. लोखंडी भांड्यात कोद्रूचे, म्हणजे आपल्याकडील हरकाचे तांदूळ घ्यावयाचे आणि लोहाच्या चूर्णासह ते आंबलेल्या काजीत शिजवावयाचे. मग ते बारीक वाटून, आधी आंबट द्रवाने भिजविलेल्या पांढऱ्या केसांवर लेप द्यावयाचा आणि डोके ओल्या पानांनी गुंडाळून बसावयाचे. दोन प्रहर लोटल्यावर हा लेप काढून आवळ्याचा लेप द्यावयाचा, पुन्हा पाने बांधावयाची आणि आणखी दोन प्रहरांनी डोके धुवावयाचे. चार प्रहर म्हणजे बारा तास. एवढी तपश्चर्या झाल्यावर केस काळे होतात. मात्र लोखंडाचा आणि आंबटाचा वास मागे राहतो, तो घालविण्यासाठी सुवासिक तेल व स्नान सांगितले आहे. वासाची ही बारीक सूचना पाहिली म्हणजे ही कृती केवळ पोथीतील नसून कोणी तरी प्रत्यक्ष करून पाहिलेली असावी अशी खात्री पटते.

आजच्या रसायनशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तरी या कृतीत खोट काढता येत नाही. आंबट द्रवात लोखंड थोडेथोडे विरघळते. आवळ्यात तुरट द्रव्य असते. आणि लोह व तुरट द्रव्य यांचा संयोग झाला की गडद काळा रंग उत्पन्न होतो. रंगारी हिरड्याच्या पाण्यात भिजविलेले कापड लोहाच्या पाण्यात बुडवून काळे करीत, त्याच्या मुळाशी हेच तत्त्व आहे. उज्जयिनीच्या पंडिताचे नाव ज्यांच्या कानांवर कधी पडले नाही अशा आपल्या आज्या-पणज्यांनी मेंदी भिजवावयाची ती लोखंडी कढईतच, रात्रभर, आणि तीत आवळकाठीची पूड घालून, हा नेम पाळला तो याच अनुभवावर. नुसत्या मेंदीने पांढरा केस तांबूस होतो. काळेपणाकडे न्यावयाचा असेल तर लोह आणि आवळा यांचे साह्य घ्यावे लागते, किंवा मेंदीवर निळीच्या पानांच्या पुडीचा दुसरा लेप द्यावा लागतो.

या घरगुती पद्धतीचे एक वैशिष्ट्य नोंदविण्यासारखे आहे. तिच्यात कसोटी आपोआपच घेतली जाई. मेंदी कोणत्या गावची, पाने किती जुनी, रात्र किती थंड, यांवर रंग अवलंबून असल्यामुळे शहाणी गृहिणी आधी कानामागची एखादी बट रंगवून पाही. रंग फार तांबडा उतरला तर पुढच्या खेपेस आवळा वाढवी. चूक झालीच तर कपाळावर चार दिवस डाग राही आणि घरातील पोरे हसत, याहून मोठे नुकसान सहसा होत नसे.

सहसा म्हणावयाचे कारण असे की जुने ते सर्व निर्धोक, ही समजूतही खरी नव्हे. पहिल्या शतकातील रोमन ग्रंथकार प्लिनी याने केस काळे करण्यासाठी जळवा शिशाच्या भांड्यात शिर्क्यात कुजत ठेवण्याचा एक उपाय नोंदविला आहे. लेप लावताना तोंडात तेल धरून ठेवावे, नाही तर दातही काळे होतात, असेही तेथे म्हटले आहे! यात जळवांचा प्रताप किती होता हे सांगणे कठीण असले तरी शिशाचा होता यात संशय नाही. केसांतील गंधकाशी शिसे मिळाले की काळा पदार्थ तयार होतो. शिसे हे विष आहे हे ठाऊक झाल्यावरही शिशाचे रंग शतकानुशतके चालू राहिले. अमेरिकेत तर त्यांची परवानगी काढून घेण्याचा निर्णय २०१८ साली झाला.

खरे स्थित्यंतर घडले ते दगडी कोळशाच्या डांबरातून. १८५६ साली लंडनमध्ये विल्यम पर्किन हा अठरा वर्षांचा विद्यार्थी सुटीत आपल्या घरातील लहानशा प्रयोगशाळेत हिवतापावरील क्विनीन तयार करण्याच्या खटपटीत होता. क्विनीन राहिले बाजूला, हाती आला एक जांभळा रंग, आणि त्यातून कृत्रिम रंगांचा प्रचंड उद्योग उभा राहिला. याच डांबरी रसायनांच्या गोत्रातील पॅराफिनिलीनडायमिन नावाचा एक पदार्थ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस केशरंगासाठी वापरात आला. याचे कण इतके सूक्ष्म की ते केसांच्या आत शिरतात. तेथे प्राणवायू सोडणाऱ्या द्रव्याशी गाठ पडली म्हणजे एकमेकांना जोडले जाऊन मोठे आणि रंगीत होतात, आणि मग त्यांना बाहेर पडता येत नाही. वराहमिहिराचे बारा तास अर्ध्या-पाऊण तासावर आले. पण जो पदार्थ केसांत शिरतो तो टाळूच्या कातडीतही शिरू शकतो, आणि काही माणसांच्या शरीराला तो मुळीच मानवत नाही. त्या काळी केशरंगांची लोकांना केवढी धास्ती होती, हे एका नावावरून कळते. फ्रान्समधील यूजीन शुएलर या तरुण रसायनज्ञाने १९०७ साली एक केशरंग बनविला आणि १९०९ साली कंपनी काढली, तीच पुढे लोरियाल म्हणून जगभर गाजली. तिचे मूळ नाव होते 'निरुपद्रवी केशरंगांची फ्रेंच संस्था'. निरुपद्रवी हे विशेषण पाटीवर लिहावे लागले, यातच सर्व आले.

उपद्रवाचे भयंकर रूप दिसले ते अमेरिकेत. 'लॅश ल्यूर' या नावाचा पापण्या व भुवया रंगविण्याचा एक रंग तेथे १९३३ च्या सुमारास विकला जात होता आणि त्यात डांबरी गोत्रातील हेच द्रव्य होते. तो लावल्याने अनेक स्त्रियांच्या डोळ्यांना जबर इजा झाली, एकीची दृष्टी गेली, एकीचा मृत्यूही ओढवला. अमेरिकन सरकारला यावर काहीच करता येईना. कारण तेथील १९०६ चा कायदा अन्न आणि औषधे यांपुरता होता, प्रसाधनांचा त्यात उल्लेखच नव्हता. अखेर १९३८ साली नवा कायदा झाला आणि त्याखाली पहिली जप्ती आली ती याच रंगावर.

परंतु या कायद्यात एक मोठी मेख राहून गेली, आणि या साऱ्या इतिहासाचे मर्म तिच्यातच आहे. विषारी प्रसाधनांवर बंदी घालताना डोक्याच्या केसांसाठी वापरावयाच्या डांबरी रंगांना सूट देण्यात आली. अट एवढीच की वेष्टनावर इशारा छापावा: या द्रव्याने काहींच्या त्वचेला इजा होण्याचा संभव आहे, म्हणून आधी चाचणी घ्यावी, पापण्या-भुवयांना ते लावू नये, अंधत्व येईल. याचा अर्थ असा की माल निर्धोक आहे की नाही हे ठरविण्याची जबाबदारी कारखान्यातून उचलून घरातील स्नानगृहात आणून ठेवली गेली. ही तडजोड न्याय्य होती असे म्हणवत नाही. पण एकाला लाभणारा रंग दुसऱ्याला का बाधतो हे कारखानदाराला बाहेरून ओळखता येत नाही, हेही तितकेच खरे.

आपल्याकडे १९४० साली औषधांचा कायदा झाला, तो फक्त औषधांपुरता. प्रसाधने त्याच्या कक्षेत आली ती १९६२ च्या दुरुस्तीने. पॅराफिनिलीनडायमिन किंवा तत्सम रंग असलेल्या केशरंगांच्या वेष्टनावर इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत इशारा पाहिजे व आत चाचणीची रीत पाहिजे, असा आपल्याकडे नियम आहे. २०२० साली प्रसाधनांचे स्वतंत्र नियम झाले, त्यांतही तो कायम राहिला. सांगितलेली रीत अगदी साधी आहे. कानामागची किंवा कोपराच्या आतील बाजूच्या हाताची थोडी जागा साबणपाण्याने स्वच्छ करावी, लावण्यासाठी कालविलेला रंग तेथे किंचित लावून वाळू द्यावा, चोवीस तासांनी हलक्या हाताने धुवावा. लाली, सूज, खाज यांपैकी काही नसेल तरच डोक्याला हात घालावा. आणि ही परीक्षा प्रत्येक खेपेस नव्याने घ्यावी.

या शेवटच्या वाक्याची टिंगल करणारे पुष्कळ भेटतात. दहा वर्षे एकच रंग वापरणाऱ्याने पुन्हा परीक्षा कशासाठी द्यावयाची, असे ते विचारतात. याचे उत्तर शरीराच्या स्वभावात आहे. ही बाधा विषासारखी पहिल्याच घोटाला होत नाही. शरीर त्या द्रव्याची ओळख मनात धरून ठेवते आणि कित्येक वर्षांच्या सुरळीत सहवासानंतर एके दिवशी एकाएकी वैर धरते. तेही लगेच दिसत नाही. खाज, फोड, डोळ्यांवरची सूज ही लक्षणे एक ते तीन दिवसांनी उमटतात. त्वचारोगतज्ज्ञ स्वतः या द्रव्याची चाचणी घेतात तेव्हा दोन दिवसांनी एकदा आणि त्यानंतर आणखी एक-दोन दिवसांनी पुन्हा त्वचा पाहतात. त्या मानाने वेष्टनावरचे चोवीस तास अपुरेच म्हटले पाहिजेत. आणखी एक दिवस थांबल्याने केस काही अधिक पिकत नाहीत.

सर्वांत फसवा प्रकार आहे काळ्या मेंदीचा. मेंदीच्या पानात काळा रंग नाही, तांबूस आहे. तेव्हा जी पूड कालवून लावताच तासाभरात केस कुळकुळीत काळे होतात तिच्यात मेंदीखेरीज दुसरे काही तरी आहे हे उघड आहे, आणि ते दुसरे बहुधा तेच डांबरी द्रव्य असते. परंतु पुडीवर मेंदीच्या पानाचे चित्र असते आणि मेंदी म्हटली की मराठी घरात लग्नाचा मांडव आणि माहेरची आठवण. तिची परीक्षा घ्यावयाची असते हे कोणाच्या स्वप्नातही येत नाही. लहान मुलांच्या हातांवर हौसेने काढलेल्या काळ्या नक्षीने फोड आल्याची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांतून वारंवार प्रसिद्ध झाली आहेत, आणि अशा मुलांना मोठेपणी केसांचा रंगही सोसत नाही. युरोपात केसांच्या रंगात डोक्यावर लावतेवेळी या द्रव्याचे प्रमाण शेकडा २ हून अधिक चालत नाही, आणि कातडीवरील नक्षीसाठी तर ते मुळीच चालत नाही. आपल्या बाजारातील पुडीच्या मागील बाजूस घटकद्रव्यांची यादी बारीक अक्षरांत छापलेली असते. चष्मा लावून ती वाचावी लागते.