नाईलच्या पाण्याचे दप्तर

इजिप्त म्हटले की पिरॅमिड डोळ्यांपुढे उभे राहतात. आज मात्र एका लहानशा दगडाविषयी बोलायचे आहे. इटलीच्या सिसिली बेटावर पालेर्मो हे शहर आहे. तेथील वस्तुसंग्रहालयात १८७७ सालापासून एक काळा दगडी तुकडा ठेवलेला आहे. उंची सुमारे ४३ सेंटिमीटर, रुंदी २५. शाळेतल्या पाटीहून थोडा मोठा, एवढेच. पण दोन्ही अंगांनी बारीक चित्रलिपी कोरलेली. ही इजिप्तच्या राजांची वर्षवार बखर. तिच्यातल्या नोंदी सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या पाचव्या राजवंशापर्यंत येतात.

मांडणी पाहा. ओळीने चौकटी, आणि एक चौकट म्हणजे एक वर्ष. मधली उभी रेघ वरच्या टोकाला वाकलेली असते. ती पाने काढलेल्या खजुरीच्या फांदीची खूण. तिचा अर्थच 'वर्ष'. त्या काळी सालाला आकडा नसे. अमक्या देवाची मूर्ती घडवली ते साल, गुरांची मोजदाद झाली ते साल, असे सांगत. आपल्याकडची जुनी माणसे नाही का, 'प्लेगाच्या साली जन्मलो' म्हणत!

स्नेफेरू राजाच्या एका चौकटीत लिहिले आहे, की नूबियातून ७,००० कैदी व २,००,००० गुरे आणली आणि देवदाराने भरलेली ४० जहाजे आली. गुरांचा आकडा मला काही पचत नाही. राजाच्या पदरचा लेखक, तो वाढवूनच लिहिणार! पण त्याच चौकटीच्या तळाशी एक साधी नोंद आहे : २ हात, २ बोटे. हे त्या वर्षीच्या नाईलच्या पुराचे माप. त्यांचा हात २८ बोटांचा, म्हणजे सुमारे ५२ सेंटिमीटर.

या आकड्यात बढाईला जागा नव्हती. इजिप्तात पाऊस जवळजवळ नाहीच. दर उन्हाळ्यात नाईल चढायची, शेतांत गाळ पसरायची, आणि पाणी ओसरले की पेरणी. पाणी कमी चढले तर उंचावरची शेते कोरडी, उपासमार ठरलेली. फार चढले तर बांध फुटायचे, घरे जायची. आस्वानचे मोठे धरण १९७० साली पुरे झाले. आता तो पूर शेतांत येत नाही.

या बखरीचे सात तुकडे म्हणून ओळखले जातात. पालेर्मोचा एक, पाच कैरोत, एक लंडनमध्ये. कैरोतला एक तुकडा कोणीतरी दाराचा उंबरठा म्हणून बसवला होता. येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायांनी त्याची अक्षरे झिजून गेली. त्या चौकटींतल्या कितीतरी सालांचे पाणी किती चढले होते, ते आता वाचता येत नाही.