बोक्याची शू अडली, त्यानंतरचे ४८ तास

हा कुणा एका बोक्याचा इतिहास नाही. बोक्यांच्या बाबतीत पुन्हा पुन्हा घडतं ते एका घरात आणि एका दिवाळीत बसवून सांगतो आहे. मन्या आणि गण्या हे सख्खे भाऊ. दोघांचीही नसबंदी झालेली. खाणं कोरडं, पाण्याचं भांडं एक आणि दोघांत मिळून लिटर ट्रेही एकच.

लक्ष्मीपूजन, संध्याकाळी ७. पहिला तास.
सोसायटीत माळ लागली आणि मन्या वॉशिंग मशीनच्या मागे घुसला. पाहुणे आले, तो बाहेर आला नाही. भीती, गडबड, घरात अनोळखी माणसं यांचा काही मांजरांच्या मूत्राशयावर थेट परिणाम होतो. जंतुसंसर्ग नसतानाही आतलं अस्तर सुजतं. त्यातून सुटलेला चिकट स्राव आणि लघवीतले स्फटिक एकत्र येऊन बूच तयार होतं. मांजरीची मूत्रनलिका आखूड आणि रुंद असते, त्यामुळे तिला हा धोका क्वचितच. बोक्याची नलिका लांब आणि टोकाला जेमतेम मिलिमीटरभर. बूच तिथेच अडकतं.

रात्री ११. चौथा तास.
मन्या ट्रेत गेला, उकरलं, बसला, दोन गुलाबी थेंब पडले. बाहेर येऊन मागचा भाग चाटत राहिला. पाच मिनिटांनी पुन्हा ट्रेत. घर फराळाची ताटं आवरत होतं.

पाडवा, सकाळी ६. अकरावा तास.
आता तो सगळ्यांच्या नजरेला आला. पाठ कमानीसारखी, शेपूट वर, जोर लावतोय आणि काहीच होत नाही. आजी म्हणाल्या, "पोट साफ होत नाहीये रे त्याचं. चमचाभर तूप घाल." यात आजींचं काही चुकलं असं मला वाटत नाही. बद्धकोष्ठ झालेलं मांजरही अगदी असंच बसतं. फरक कळतो तो ट्रेमधून. घरातल्या मुलानं ट्रे पाहिलाही. वाळूत लघवीचे तीन मोठे गोळे होते. तो म्हणाला, "शू तर होतेय, आजी."

ते तिन्ही गोळे गण्याचे होते.

दोन मांजरांचा एक ट्रे असला की निरोगी मांजर आजारी मांजराची खूण झाकून टाकतं. अशा वेळी मन्याला वेगळ्या खोलीत ताज्या वाळूचा ट्रे देऊन बंद केलं असतं, तर तासाभरात खुलासा झाला असता. बोका वारंवार बसतोय आणि वाळू कोरडी आहे, एवढं दिसलं की त्याच क्षणी दवाखाना गाठायचा. पोट दाबून पाहायचं नाही, ताणलेलं मूत्राशय फुटू शकतं.

दुपारी १. अठरावा तास.
मन्या बाथरूमच्या फरशीवर बसून खोल, लांब आवाजात ओरडला. खाणं हुंगलंही नाही. दवाखान्याला फोन लावला, पाडव्याची सुट्टी. रात्रभर चालू असणारा दवाखाना शहरात होता, पण "उद्यापर्यंत बघू" असं ठरलं.

रात्री ९. सव्विसावा तास.
पहिली उलटी. लघवीचा दाब मागे मूत्रपिंडांपर्यंत पोचला होता आणि त्यांचं गाळणं जवळपास थांबलं होतं. युरिया, क्रिएटिनिन, पोटॅशियम, जे शरीराबाहेर जायला हवं ते रक्तात साठत चाललं. काकांनी पॅरासिटामॉलची अर्धी गोळी सुचवली. सुदैवानं ती कुणी दिली नाही. मांजराच्या यकृताला हे औषध नीट निकामी करता येत नाही, आणि अर्ध्या गोळीनंही जीव जाऊ शकतो.

भाऊबीज, पहाटे ५. चौतिसावा तास.
ओरडणं थांबलं. मन्या दिवाणाखाली पडून होता. "बरं वाटतंय वाटतं, झोपलाय शांत." सगळ्या घटनाक्रमात मला या वाक्याची सर्वात जास्त भीती वाटते. अडलेला बोका शांत झाला की तो बरा झालेला नसतो, त्याची ताकद संपत आलेली असते. कान आणि पंजे गार पडले होते. मांजराचं तापमान माणसापेक्षा जास्त, साधारण ३८ ते ३९ अंश सेल्सियस. कान गार लागले की वेळ हातातून चालली आहे असं समजावं.

संध्याकाळी ५. सेहेचाळिसावा तास.
दवाखाना उघडला. डॉक्टरांनी पोटावर हात ठेवला आणि पहिला प्रश्न विचारला, "शेवटची शू कधी केली यानं?" आजी आणि मुलगा एकमेकांकडे पाहत राहिले. टेबलावर घाबरलेल्या मांजराचे ठोके एरवी मिनिटाला १८०-२००च्या घरात असतात. मन्याचे १००च्या खाली होते. ई.सी.जी.च्या पट्टीवर पी लहर नव्हती, पुढचा उंचवटा रुंद पसरलेला. वाढलेलं पोटॅशियम हृदयाची विद्युतयंत्रणा अशी बंद पाडतं. डॉक्टरांनी हृदय सावरायला कॅल्शियम ग्लुकोनेट दिलं, पोटॅशियम पेशींत ढकलायला इन्सुलिन आणि सोबत ग्लुकोज दिलं, सलाईन लावलं. बारीक कॅथेटर बूच फोडून आत गेला आणि गडद लाल लघवी नळीतून वाहू लागली.

संध्याकाळी ७. अठ्ठेचाळिसावा तास.
हृदय थांबलं. छाती दाबून, इंजेक्शनं देऊन पाहिली. पुन्हा सुरू झालं नाही.

अकराव्या तासाला हेच उपचार झाले असते तर कॅथेटर दोन-तीन दिवस राहिला असता आणि बहुधा मन्या घरी आला असता. वेळेत पोचलेले बहुतेक बोके वाचतात. त्यांच्यातल्या काहींना मात्र पुन्हा अडतं, म्हणून घरी आल्यावरही लक्ष ठेवावं लागतं.

डॉक्टरांनी त्याच रात्री गण्याला आणायला लावलं. त्याचं मूत्राशय लहान आणि मऊ होतं. लघवीचा नमुना स्फटिकांसाठी तपासायला ठेवला. कोरड्या खाण्यासोबत ओलं पाउच सुरू करायचं, पाण्याची भांडी वेगवेगळ्या खोल्यांत ठेवायची, ट्रे मांजरांच्या संख्येपेक्षा एक जास्त आणि रोज साफ करायचे, असं त्यांनी लिहून दिलं. घरी आल्यावर मुलानं जुनी वाळू ओतून दिली आणि गण्यासाठी दोन ट्रे भरले.