रोख्यांच्या होळीपासून सभापतींच्या आसनापर्यंत

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत पूर्वजांचा गौरव व्हावा ही रीत आहे आणि ती योग्यच आहे. लोटा-दोरी घेऊन मारवाडातून निघालेला, पायपीट करीत दक्षिणेत आलेला आणि सचोटीने पेढी उभारणारा पूर्वज आपल्या घराघरांत आदराने स्मरला जातो. मात्र या कथेतील एक पान आपण बहुधा उलटून पुढे जातो. ते पान वाचल्याविना पुढील यशाचे मोल कळत नाही, असे माझे मत आहे.

इ.स. १८१८ मध्ये पेशवाई संपली आणि इंग्रजी अंमल आला. रयतवारी पद्धतीत शेतसारा ठरलेल्या हप्त्यांनी रोखीत भरावा लागे. पीक हाती येण्यापूर्वीच कुणब्याला रोकड लागे आणि ती गावात मारवाडी वा गुजराती दुकानदाराकडेच मिळे. बी-बियाणे, बैल, लग्नाचे कापड, सारे त्याच्याच उधारीवर. नव्या मुलखात आलेल्या माणसाजवळ जमीन नव्हती, वतन नव्हते. होती ती जातभाईंच्या पेढ्यांवरील पत आणि हुंडीचा व्यवहार. त्या बळावर पुणे-नगर भागातील शेतीला भांडवल मिळाले, हे नाकारता येणार नाही.

अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात कापसाला सोन्याचे भाव आले. युद्ध संपताच भाव कोसळले, साऱ्याची आकारणी मात्र वाढली. कर्जे थकली, दिवाणी न्यायालयांतून जप्त्या निघू लागल्या. अखेर १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी लोकांनी सावकारांची दुकाने फोडली. तेथून हे लोण अनेक गावांत आणि नगर जिल्ह्यातही पसरले. दंगेखोरांचा रोख मुख्यतः माणसांवर नव्हता, कागदांवर होता. कर्जरोखे आणि वह्या मागून घेऊन त्यांची होळी करण्यात आली. त्या सावकारांत आपले ओसवाल बांधवही पुष्कळ होते. पुढे सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी संरक्षक कायदा केला.

दोष एकट्या सावकाराचा नव्हता. सरकारी साऱ्याचा वाटा मोठा होता. तरीही उधारीचा व्यवहार आयुष्यभर केलेला व्यापारी या नात्याने मला वाटते की, जी वही गिऱ्हाइकाला वाचता येत नाही, तिच्यावर त्याचा विश्वास फार काळ टिकत नाही. गावात दुकान होते. गावाच्या सुखदुःखात मात्र पुरेसे स्थान नव्हते.

यानंतर अवघ्या दहा वर्षांनी, १८८५ मध्ये कुंदनमल शोभाचंद फिरोदिया यांचा जन्म झाला. अहमदनगरला (आताचे अहिल्यानगर) त्यांनी वकिली केली, राष्ट्रीय चळवळीत उडी घेतली आणि कारावास पत्करला. त्यांचे पुत्र नवलमलजी हेही स्वातंत्र्यसैनिक. पुढे उद्योगक्षेत्रात उतरून त्यांनी १९५८ मध्ये स्थापन झालेल्या बजाज टेम्पोच्या (आजची फोर्स मोटर्स) जडणघडणीत मोलाचा वाटा उचलला. आमच्या कापडाच्या गाठी वाहणाऱ्या कोणत्याही छोट्या मालगाडीला आपण आजही ‘टेम्पो’च म्हणतो, यातच सारे आले!

खानदेशात वाकोद येथे राजस्थानातून आलेल्या कुटुंबात जन्मलेल्या भवरलालजी जैन यांनी १९६३ मध्ये हातगाडीवर रॉकेल विकून व्यवसायास आरंभ केला. कालांतराने त्यांनी जळगावातून ठिबक सिंचन शेतकऱ्यांच्या बांधापर्यंत नेले. एकेकाळी शेतकऱ्याला कर्ज देणारा समाज आता त्याला पाणी वाचविण्याचे साधन देऊ लागला.

परंतु या साऱ्या वाटचालीत मला सर्वांत बोलका वाटतो तो १९४६ ते १९५२ हा काळ. दादासाहेब मावळंकरांनंतर मुंबई विधानसभेच्या सभापतिपदी कुंदनमलजी विराजमान झाले. ज्या जिल्ह्यात मारवाड्यांचे रोखे जाळले गेले, तेथीलच हा मारवाडी वकील साऱ्या मुंबई प्रांताच्या प्रतिनिधींना विश्वासार्ह वाटला. आणि योगायोग असा की, सावकारी व्यवहारावर नियंत्रण आणणारा कायदा, १९४७ चा शेतकरी कर्जनिवारण कायदा व १९४८ चा कूळकायदा, हे तिन्ही त्याच सभागृहाने, तेच सभापतिपदी असताना संमत केले.