दमा की टीबी? छातीच्या एक्स-रेवरचा डाग आणि सीटी स्कॅनमधून उलगडणारे दम्याचे प्रकार

मंगरूळपीर तालुक्यात ऑक्टोबरमध्ये सोयाबीनची मळणी सुरू झाली की शिवारात धुळीचे लोट उठतात. ही धूळ दमेकऱ्यांना सोसत नाही. धाप वाढली की दवाखाना गाठला जातो आणि छातीचा एक्स-रे निघतो. बहुतेकांचा एक्स-रे साफ येतो. पण काहींच्या फिल्मवर पांढरा डाग दिसतो आणि घरात लगेच एकच शब्द घुमू लागतो: टीबी.

तो डाग टीबीचा असू शकतो. पण दम्याच्याच एका प्रकारातही असा डाग उमटतो, आणि दोन्हींचे उपचार अगदी वेगळे आहेत.

एक्स-रे साफ आहे, मग दमा कसा?

दम्यात श्वासनलिकांना आतून सूज येते आणि भोवतीचे स्नायू आवळले जातात. यातल्या अनेक नलिका जेमतेम काही मिलिमीटर रुंदीच्या असतात. एक्स-रे म्हणजे अख्ख्या छातीची एकावर एक पडलेली सपाट सावली. त्यात हा बदल दिसत नाही. डॉक्टर एक्स-रे काढतात तो मुख्यतः न्यूमोनिया, टीबी किंवा हृदयाचा आजार नाही ना, हे बघायला. दमा पकडण्याची मुख्य चाचणी म्हणजे स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत जोरात फुंकण्याची चाचणी. औषध ओढल्यावर पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा किमान १२ टक्के आणि २०० मिलिलिटरने वाढली, तर दम्याची शक्यता बळावते.

पण स्पायरोमेट्री दम्याचा प्रकार सांगत नाही. लहानपणापासूनचा अ‍ॅलर्जीचा दमा, चाळिशीनंतर सुरू होणारा, रक्तात इओसिनोफिल पेशी वाढलेला दमा, बुरशीमुळे चिघळणारा दमा, अशा सगळ्यांना आपण एकाच नावाने ओळखतो. एकच पंप सगळ्यांना सारखा लागू पडत नाही, त्याचं एक कारण हे आहे.

बुरशीचा दमा आणि टीबीचा गोंधळ

अ‍ॅस्परजिलस ही बुरशी कुजलेल्या खतात, दमट धान्यात, भिजलेल्या कुटारात वाढते. तिचे सूक्ष्म बीजाणू रोज सगळ्यांच्याच श्वासात जातात आणि बहुतेकांना काही होत नाही. काही दमेकऱ्यांच्या श्वासनलिकेतल्या कफात मात्र ती घर करते आणि शरीराची प्रतिकारशक्ती तिच्यावर तुटून पडते. या आजाराला डॉक्टर एबीपीए म्हणतात. १९५२ मध्ये इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी त्याचं पहिल्यांदा वर्णन केलं.

यात कफाचे घट्ट गोळे श्वासनलिकेत अडकतात. त्यामागचा फुप्फुसाचा भाग पांढरा दिसू लागतो, आणि एक्स-रेवर तो टीबीच्या डागासारखाच वाटतो. खोकला, बारीक ताप, वजन घटणं, कधी थुंकीतून रक्त ही लक्षणंही जुळतात. टीबीचं प्रमाण मोठं असलेल्या आपल्या देशात डॉक्टरांच्या मनात आधी टीबी येणं स्वाभाविक आहे. परिणामी एबीपीएचे अनेक रुग्ण सहा-सहा महिने टीबीच्या गोळ्या घेतात. त्यांनी बुरशीचा आजार हटत नाही आणि तोवर श्वासनलिकांचं नुकसान होत राहतं.

इथे सीटी स्कॅन कामाला येतो. एबीपीएमध्ये फुप्फुसाच्या मध्यभागातल्या श्वासनलिका फुगून रुंद झालेल्या दिसतात. दुसरी खूण आणखी ठळक आहे. सीटीमध्ये प्रत्येक गोष्टीची घनता आकड्यात मोजतात: पाणी शून्य, हवा उणे १०००. साधा कफ स्नायूंपेक्षा विरळ दिसतो. एबीपीएच्या काही रुग्णांत मात्र तो पाठीच्या स्नायूंपेक्षाही घट्ट, पांढराशुभ्र दिसतो. असा कफ दिसला की निदान जवळपास पक्कं होतं.

तरी रक्तचाचणी लागतेच. त्यात अ‍ॅस्परजिलसविरुद्धचा आयजीई आणि एकूण आयजीई तपासतात. एकूण आयजीईसाठी पूर्वी १००० ही मर्यादा धरत; २०२४ च्या आंतरराष्ट्रीय निकषांत ती ५०० वर आणली गेली. पोटातल्या जंतांमुळेही आयजीई वाढतं, त्यामुळे तेवढ्या एका आकड्यावर विसंबता येत नाही. उपचारात स्टेरॉइडच्या किंवा बुरशीविरोधी गोळ्या काही महिने द्याव्या लागतात. चंडीगडच्या पीजीआयएमईआर संस्थेने या उपचारांवर महत्त्वाचं संशोधन केलं आहे.

उलट चूकही तितकीच घातक. टीबी असताना नुसतं स्टेरॉइड दिलं तर टीबी बळावतो. म्हणून थुंकीची सीबीनॅट किंवा ट्रूनॅट तपासणी टाळून चालत नाही, आणि सुरू असलेल्या टीबीच्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करायच्या नाहीत.

कफाचे गोळे मोजणारा स्कॅन

बुरशी नसतानाही कफ अडकतो. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी सीटीवर फुप्फुसाचा एकेक भाग तपासून कफाने बंद झालेल्या नलिका मोजल्या. ५८ टक्के दमेकऱ्यांमध्ये निदान एका भागात तरी असा बुच सापडला. निरोगी लोकांत हे प्रमाण ४.५ टक्के होतं. जास्त बुच असलेल्यांमध्ये इओसिनोफिलही वाढलेले होते. तीव्र दम्यावरची महागडी बायोलॉजिक इंजेक्शनं कोणाला उपयोगी पडतील, हे ठरवताना अशा माहितीची मदत होऊ शकते.

चुलीच्या धुराचं प्रकरण वेगळंच. वर्षानुवर्षं चुलीवर स्वयंपाक केलेल्या बाईला धाप लागली की दमाच समजला जातो, पण तो सीओपीडी असू शकतो. धूम्रपान न करणाऱ्यांनाही सीओपीडी होतो, याकडे पुण्याचे डॉ. संदीप साळवी यांनी २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मधून लक्ष वेधलं होतं. चुलीच्या धुराने होणाऱ्या सीओपीडीत फुप्फुसाची चाळण कमी आणि लहान नलिकांचा बिघाड जास्त असतो. त्यामुळे सीटीवरही तो दम्यापासून चटकन वेगळा काढता येत नाही. इथे पुन्हा स्पायरोमेट्रीच लागते.

झेनॉन वायू श्वासात घेऊन करायचा एमआरआय हे याहून नवं तंत्र. हवा कुठे पोहोचते आणि कुठे नाही, हे त्यात दिसतं. अमेरिकेत डिसेंबर २०२२ मध्ये त्याला मंजुरी मिळाली. तालुक्याच्या गावाला तूर्तास त्याचा काही उपयोग नाही.

मग सीटी कोणी करावा?

सरसकट सगळ्यांनी नाही. सीटीत एक्स-रेपेक्षा किरणोत्सर्ग कित्येक पटींनी जास्त असतो. पंप नीट ओढूनही दमा आटोक्यात येत नसेल, खोकल्यातून तपकिरी गोळे पडत असतील किंवा एक्स-रेवर डाग असून थुंकीत टीबी सापडत नसेल, तर छातीरोगतज्ज्ञ सीटी सांगतात. मंगरूळपीरच्या रुग्णाला त्यासाठी बहुधा वाशिम किंवा अकोला गाठावं लागतं. वाशिमच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं उद्घाटन ऑक्टोबर २०२४ मध्ये झालं, अकोल्याचं महाविद्यालय त्याआधीपासून आहे.

जाताना जुन्या एक्स-रे फिल्म टाकून न देता सोबत न्याव्यात. एबीपीएचे डाग जागा बदलतात: आज उजवीकडे दिसलेला डाग काही आठवड्यांनी नाहीसा होतो आणि दुसरा डावीकडे उमटतो. हे एका फिल्मवर कळत नाही. दोन-तीन फिल्म तारखेप्रमाणे शेजारी लावल्या की लक्षात येतं.